शिबूरावांचे आभार

“बाई, थँक्यू तर एटीएमसुद्धा म्हणतं,” अण्णा सुरवसे म्हणाले. “आत पैसे नसले तरी म्हणतं. मग माझ्यात आणि त्या पेटीत फरक काय राहिला?”

मी फळ्यावर मोठ्या हौसेनं लिहिलेलं ‘थँक्यू’ डस्टरनं पुसून टाकलं. सकाळची बॅच नुकतीच गेली होती. बार्शीतलं मे महिन्याचं ऊन वरच्या पत्र्यातून थेट डोक्यात उतरत होतं. पंखा फिरत होता, पण वारं काही येत नव्हतं. आणि दहावीच्या पोरांसाठी केलेल्या त्या अरुंद बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, अण्णा बसले होते. धोतर, कडक इस्त्रीची टोपी, खिशाला पेन. मला त्यांना एक वाक्य शिकवायचं होतं. फक्त एक. आठवडा होत आला तरी आम्ही पहिल्या शब्दावर अडलो होतो.

“बरं, मग थँक्यू व्हेरी मच म्हणा,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे खूप खूप आभार.”

“खूप खूप!” अण्णांनी हात उडवला. “एकच शब्द दोनदा म्हटला की वजन वाढतं होय? हे तर लहान पोराला गोळी देऊन समजूत काढल्यागत वाटतंय. दुसरं काढा.”

दुसरं काढा! जसं काही मी कापडाच्या दुकानात बसले होते आणि ते लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले होते.

आता अण्णा सुरवसे म्हणजे कोण, हे बार्शीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. नोकरी त्यांनी नगरपालिकेत केली, जकात नाक्यावर. पण नाव काढलं ते आभारप्रदर्शनानं. गावात उद्घाटन असो, सत्कार असो, शोकसभा असो, शेवटी माइक अण्णांच्या हातात जायचा. एकदा गेला की लवकर परत यायचा नाही. अध्यक्षांपासून सुरुवात करून मंडपवाले, माइकवाले, सतरंज्या घालणारे, पाणी वाटणारे, ‘ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत पण ज्यांचे हात या कार्याला लागले असे सर्व’ इथपर्यंत ते कुणालाही सोडत नसत. माझ्या क्लासच्या उद्घाटनाला त्यांनी वीज मंडळाचेही आभार मानले होते, कार्यक्रम होईपर्यंत वीज गेली नाही म्हणून. आणि ते बोलत असतानाच वीज गेली.

असा माणूस एके दिवशी दुपारी माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, मला इंग्रजीत आभार मानायला शिकवा.”

मला वाटलं, कुणी बाहेरचा पाहुणा येणार असेल सत्काराला. मी आनंदानं हो म्हणाले. वेड लागलं होतं मला, दुसरं काय.

पाहुणा कोण ते मथुराकाकूंकडून कळलं. मथुराकाकू म्हणजे अण्णांची बायको. मंडईत भेटल्या आणि मेथीच्या जुड्या तिथंच ठेवून माझा हात धरला.

“बाई, तेवढं यांच्याकडून म्हणवून घ्या हो. माझी लेक येतीय.”

त्यांची लेक वृषाली. बंगळूरला बँकेत लागली आणि तिथल्याच बरोबरीच्या एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मुलगा केरळचा, ख्रिश्चन, नाव शिबू. मराठी येत नाही, हिंदी म्हणजे नावाला. लग्नानंतर दोघं पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आले, तेव्हा अण्णा आतल्या खोलीतून मोठ्यानं ओरडले होते, “मथुरे, त्यांना सांग, घरात कुणी नाही.” शिबूला कळलं नाही. वृषालीला कळलं. ती पेढे पायरीवर ठेवून परत गेली, ती सहा वर्षं आली नाही. अण्णांनीही नाव काढलं नाही.

मग तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आणि शिबूनं आपली एक दिली.

“मी जाऊन राहिले तिथं दोन महिने,” मथुराकाकू म्हणाल्या. “माझं रक्त जुळलं नाही, त्याचं जुळलं. त्यानं बाई विचारसुद्धा केला नाही. आणि हे इथं बसून! आता अधिक महिना लागलाय. मी फोन केला, म्हटलं जावयाला घेऊन ये, धोंड्याचं जेवण घालते. तर म्हणाली, येते, पण बाबांना सांग, शिबूशी नीट तोंड उघडून एक वाक्य बोलायचं. त्याला कळेल असं. तेवढं बोलले तर पुढं येत-जात राहू. नाही बोलले तर आई, तू इकडं येत जा, मी त्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही.” काकूंचे डोळे भरले. “पोरगी तशीच आहे हो, बापासारखी. म्हणाली म्हणजे करणार.”

आता हे ऐकल्यावर मी माणसाला घरी पाठवू शकत होते का? नाही. म्हणून रोज सकाळची बॅच सुटली की अण्णा यायचे, त्या बाकात गुडघे दुमडून बसायचे आणि मी आणलेलं प्रत्येक वाक्य हातात धरून, उलटंपालटं करून मला परत करायचे.

पहिल्या दिवशी तर ते स्वतःचंच तयार करून आले होते. बाकावरून उठले, समोर माइक असल्यासारखी मूठ तोंडाजवळ नेली आणि सुरू झाले, “रिस्पेक्टेड मिस्टर शिबू, लेडीज अँड जंटलमन, ऑन बिहाफ ऑफ सुरवसे फॅमिली अँड मित्रपरिवार...”

“अण्णा, घरात लेडीज अँड जंटलमन कोण असणार आहेत?”

“मथुरा. आणि तुम्ही.”

“मी कशाला?”

“वा! मी अडखळलो तर मागून सांगणार कोण?”

म्हणजे हे परस्पर ठरूनही गेलं होतं. मी ते सगळं खोडलं. त्यांना सांगितलं, की इंग्रजी माणसं घरात अशी भाषणं करत नाहीत. साधं, छोटं, रोजच्या बोलण्यातलं बोलतात. मी त्यांना रोजच्या बोलण्यातले आभार एकेक करून द्यायला लागले, आणि तिथून माझ्या डोक्याची मंडई झाली.

“आय ॲप्रिशिएट इट म्हणतात,” मी सांगितलं. “म्हणजे तुम्ही जे केलंत त्याची मला कदर आहे.”

“कदर साहेब करतो, हाताखालच्याची. रिटायर झालो तेव्हा मुख्याधिकारी माझी कदर करून गेले. शाल दिली, ती अंगाला टोचते. नको.”

“आय ॲम ग्रेटफुल टू यू. मी आपला कृतज्ञ आहे.”

“हे अर्जात लिहितात. खाली सही पाहिजे.”

“हाऊ काइंड ऑफ यू. किती दयाळू आहात तुम्ही.”

“दयाळू!” अण्णा लालबुंद झाले. “बाई, त्यानं बायकोला वाचवलं. त्यात दया कसली आली? माझ्या पोरीवर कुणी दया केलेली मला चालणार नाही.”

मी पाणी प्याले.

“थँक्स अ मिलियन म्हणतात हल्ली,” मी म्हणाले. खरं तर त्यांना चिडवायला म्हणाले. “दहा लाख आभार.”

“टेंडर आहे का हे?”

असं चाललं होतं. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम करतोय. याला आभार मानायचेच नाहीत. सहा वर्षांचा ताठा आहे, तो असा सुटतोय थोडाच! वाक्यात खोट काढायची, म्हणजे तोंड उघडायला नको. एकदा तर मी सरळ बोलूनही टाकलं, “अण्णा, तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा. माझी दुपारची झोप तरी वाचेल.” त्यावर त्यांनी टोपी काढली, तिनं मान पुसली, पुन्हा घातली आणि म्हणाले, “पुढचं काढा.”

पुढचं मी काढलं ते होतं, ‘यू शुडन्ट हॅव.’ मी मोठ्या उत्साहानं समजावलं, की कुणी फार मोठं काही आपल्यासाठी केलं की इंग्रज माणूस लाजून असं म्हणतो. शब्दशः अर्थ, तुम्ही असं करायला नको होतं.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. “करायला नको होतं? म्हणजे पोरगी जाऊ द्यायची होती?”

“तसं नाही हो, ती म्हणायची पद्धत...”

“असली कसली पद्धत! असं मी त्याच्या तोंडावर म्हणू?”

मी घाईघाईनं ते पुसलं. डोकं आधीच तापलं होतं, म्हणून जे पहिलं सुचलं ते लिहिलं, ‘आय ओ यू वन.’ म्हटलं, हे मित्रामित्रांत चालतं. तुम्ही माझ्यासाठी एक केलंत, आता वेळ येईल तेव्हा मी तुमच्यासाठी एक करीन.

अण्णांनी ते दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, “एकाला एक. चांगलं आहे. पण खोटं आहे.”

“खोटं कसं?”

“मी देत होतो की. सोलापूरला जाऊन सगळ्या तपासण्या करून आलो. मथुरेलाही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला साखर आहे, तुमची घेता येत नाही. मी म्हटलं, साखर माझी, किडनीची काय चूक? ते हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.” अण्णांनी खिडकीकडे तोंड वळवलं. “आता मी त्याला कुठली एक देऊ? आणि म्हणायचं, वेळ आली की देतो म्हणून? नको बाई. हे नको.”

त्या दिवशी मी पुढचं काही काढलं नाही. पण म्हणून माझा वैताग गेला असं कुणी समजू नये. उलट वाढला. इतकं सगळं पोटात आहे, तर मग सरळ ‘थँक्यू’ म्हणायला या माणसाचं काय जातंय?

शनिवार आला. रविवारी पाहुणे यायचे होते. मी कंबर कसली. फळ्यावर एकच वाक्य लिहिलं आणि खडू खाली ठेवला. ‘थँक्यू फॉर गिव्हिंग माय डॉटर अ न्यू लाइफ.’ माझ्या मुलीला नवा जन्म दिलात, आभारी आहे. म्हटलं, “अण्णा, आता यात खोट काढलीत तर मी क्लासला कुलूप लावून माहेरी जाईन.”

अण्णांनी खोट काढली नाही. वाक्य त्यांना आवडलं. पुन्हा पुन्हा म्हटलं, पाठ केलं, ‘लाइफ’चा फ अगदी ओठ चावून काढला. मला वाटलं, सुटले! आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, “बाई, इंग्रजीत बायकोनं चहा दिला तरी थँक्यू म्हणतात?”

“म्हणतात.”

“आईनं जेवायला वाढलं तर?”

“तिलाही म्हणतात.”

“आणि रिक्षावाल्याला?”

“त्यालाही, अण्णा. सगळ्यांना म्हणतात. सारखंच म्हणतात.”

“मग घरचं कोण आणि परकं कोण, ते कळायचं कसं?”

बाहेर दुपारच्या बॅचची पोरं चपला काढत होती, आत येऊन खिदळत होती. मी म्हणाले, “अण्णा, ते नंतर बघू. तुम्ही उद्या फक्त वाक्य म्हणा. एका दमात म्हणा. मध्ये थांबू नका.” ते मान हलवत उठले. बाकातून बाहेर पडताना धोतर खिळ्याला अडकून टरकलं, त्याबद्दल मलाच चार शब्द ऐकवले आणि गेले.

रविवारी मी अकराच्या सुमारास त्यांच्याकडे पोचले. घरात पुरण शिजल्याचा वास भरला होता. मथुराकाकूंनी मला ओट्याशी नेऊन दाखवलं, वृषालीसाठी पाणी उकळून वेगळं, तिचं ताट वेगळं घासून गरम पाण्यातून काढलेलं. ऑपरेशनला पाच महिने होऊन गेले होते तरी डॉक्टरांनी बजावलं होतं. पुरणाचे धोंडे वाफेवर होते. चांदीचा दिवा, नवा शर्टपीस, सुपारी, सगळं वाण जावयासाठी ताम्हनात मांडलेलं. अण्णा कोट घालून बसले होते. त्या उन्हात, कोट! घाम टोपीतून गळत होता.

“काढा तो कोट,” काकू म्हणाल्या.

“असू दे,” अण्णा म्हणाले. “बोलायचं आहे.”

गाडी आली. वृषाली उतरली. तोंडाला मास्क, गाल औषधांनी सुजलेले, पण चाल तीच, ताडताड. मागून शिबू. उंच, सावळा, बारीक दाढी. एका हातानं कुशीजवळ शर्ट धरून चालायची सवय लागलेली. त्यानं उंबऱ्याबाहेर बूट काढले आणि आत यायचं की थांबायचं, हे न कळून तिथंच उभा राहिला. मागच्या वेळी याच पायरीवरून परत गेला होता तो. काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोघांच्या पायांवर पाणी घातलं, तेव्हा कुठं आत आला.

सगळे बसले. वृषाली खुर्चीच्या काठावर बसली होती, पर्स मांडीवरच. ती बापाकडे बघत होती. बाप माझ्याकडे बघत होता. मी डोळ्यांनी म्हटलं, हं, आता.

अण्णा उठले. घसा खाकरला. सवयीनं एक बोट समोर हवेत टकटक केलं, माइक चालू आहे का बघायला.

“मिस्टर शिबू,” अण्णा म्हणाले.

शिबू गडबडून उभा राहिला.

“थँक्यू...”

आणि थांबले. मी हळूच म्हटलं, “फॉर गिव्हिंग.” मग मी जरा मोठ्यानं म्हटलं, “फॉर गिव्हिंग माय डॉटर.” अण्णा शिबूकडे बघत होते, त्याच्या त्या कुशीवर धरलेल्या हाताकडे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. अहो, अख्खा आठवडा घालून मिळवलेलं वाक्य! काल फळ्यासमोर दहादा म्हणून दाखवलेलं! मला वाटलं, उठून या माणसाला गदागदा हलवावं. “अण्णा,” मी दात दाबून म्हणाले, “म्हणा की!”

शिबूलाच दया आली. तो घाईघाईनं इंग्रजीत म्हणाला, की अंकल, प्लीज, काही गरज नाही, ठीक आहे.

“काय म्हणतोय?” अण्णांनी मला विचारलं.

“म्हणतोय, आभाराची गरज नाही.”

वृषाली उठली. “राहू द्या बाबा,” ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, म्हणूनच मला भीती वाटली. “एक वाक्य मागितलं होतं. तेही थँक्यूवर अडलं. आई, तू एवढं केलंयस तर जेवतो. जेवलो की लॉजवर जाऊन पडतो, आणि ऊन उतरलं की निघतो.”

“लॉजवर?” अण्णा म्हणाले.

“स्टँडसमोर खोली घेतलीय.”

“लॉजवर?” अण्णांचा आवाज चढला. “माझा जावई माझ्या गावात लॉजवर राहणार? स्टँडसमोरच्या? तिथं ढेकूण आहेत! तुझी तब्येत काय, त्याची काय, अक्कल आहे का तुम्हा दोघांना? उद्या लोक काय म्हणतील मला?”

“सहा वर्षं काय म्हणत होते?” मथुराकाकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. हातात झारा होता. “तेव्हा कोण म्हणालं होतं घरात कुणी नाही म्हणून? आता एक वाक्य बोलायला तुमची जीभ झडली का?”

काकूंना इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णांनीही नसावं. ते खाली बसले. कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट बाजूला ठेवला. शिबू बिचारा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभाच होता.

“बाई,” अण्णा म्हणाले, “त्याला सांगा. नीट सांगा. मी त्याचे आभार मानणार नाही.”

“अण्णा!” मी ओरडलेच.

“सांगा म्हणतो ना! उभ्या जन्मात मी काय केलं? आभार मानले. मंडपवाल्याचे मानले, माइकवाल्याचे मानले. मला त्यातलं कळतं. आभार झाले की काय होतं, माहीत आहे तुम्हाला? कार्यक्रम संपतो. माझं पहिलं वाक्य झालं की लोक उठतात, चपला शोधायला लागतात. ज्याचे आभार मानले तोही आपलं सामान गुंडाळतो आणि घरी जातो.” त्यांनी शिबूकडे बोट केलं. “याचे आभार मानू? आणि हा घरी जाईल? याचं घर हेच आहे. मी लावलं होतं ते दार, मी गाढव, मान्य आहे. पण मंडपवाल्याच्या रांगेत मी याला बसवणार नाही. मंडपवाला परका असतो. सांगा त्याला.”

वृषाली जागच्या जागी उभी होती. शिबू माझ्याकडे वळला. विचारत होता, काय म्हणाले ते?

इतकी वर्षं इंग्रजी शिकवते आहे मी. अर्ज, मुलाखती, टेलिफोनवर कसं बोलावं, सगळं. आणि त्या क्षणी माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते एवढंच, “ही सेज... ही विल नॉट थँक यू.”

शिबूचा चेहरा उतरला. तेवढ्यात वृषालीनं मास्क खाली ओढला आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. बापाच्या समोर जाऊन जमिनीवर बसली आणि त्याच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून रडायला लागली. अण्णा तिच्या केसांवरून हात फिरवत होते आणि “मास्क, मास्क लाव आधी,” म्हणत होते आणि स्वतःही रडत होते.

“डिड आय डू समथिंग राँग?” शिबू घाबरून मला विचारत होता.

“नो,” मी म्हणाले. “नो, नो.” शेवटी वृषालीनंच तोंड वर केलं आणि नाक पुसत त्याला इंग्रजीत म्हणाली, “गाडीतून बॅगा काढ. आपण इथंच राहतोय.”

नेमकं काय घडलं ते त्याला समजलं की नाही देव जाणे, पण तो हसला आणि बाहेर गेला. मी दारातून बघत होते. त्यानं डिकी उघडली, मोठी बॅग ओढली आणि उचलायला वाकला.

“अरे ए!” अण्णा घरातून ओरडले. लेकीला बाजूला सारून ते तसेच अनवाणी पळत सुटले. “उचलू नका! शिबूराव! टाके आहेत पोटाला! बाई, सांगा त्यांना! इंग्रजीत सांगा!”

“डोन्ट लिफ्ट!” मी ओरडले.

शिबूरावांनी दचकून बॅग सोडली. अंगणातली फरशी तव्यासारखी तापली होती, अण्णा तिच्यावरून पाय उचलत-टाकत नाचल्यासारखे गाडीपर्यंत गेले, बॅग हिसकावली, खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या हातानं जावयाच्या दंडाला धरून त्याला सावलीत ढकललं. शिबू इंग्रजीत सांगत होता, की आता मला उचलता येतं, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. अण्णा मराठीत सांगत होते, की डॉक्टरला काय कळतं, गप आत चल, घामाघूम झालास, चपला का नाही घातल्यास, पाय भाजतील. स्वतःचे पाय भाजत होते त्याचं काही नाही. दोघांनाही एकमेकांचं काडीमात्र कळत नव्हतं आणि दोघंही थांबत नव्हते.

मी दारात उभी होते. माझा आठवडा, माझी दुपारची झोप, माझं ते फळ्यावरचं सुंदर वाक्य, सगळं पाण्यात गेलं होतं. मला वाटलं, आता निदान माझ्याकडे बघून तरी हा माणूस दोन शब्द बोलेल. मराठीत बोलला तरी चाललं असतं.

अण्णा बॅग घेऊन दारापर्यंत आले, धापा टाकत माझ्यासमोर थांबले आणि खेकसले, “बघत काय उभ्या राहिलात बाई? डिकीत दुसरी बॅग आहे ना? ती कोण आणणार?”

मी चपला घातल्या आणि गेले. ती मेली पहिलीपेक्षा जड होती.